ढवळ्या, छकडा आणि जावयांचं वजन

डेन्व्हर, कोलोरॅडो
बेंदराचा दुसरा दिवस

ती. आप्पा आणि ती. आईस शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर खिडकीबाहेर दिसणारं ते पांढरं धूड काय आहे, असं आप्पांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तुमचे जावई "नेट गेलं" म्हणून उठून गेले. नेट कुठंही गेलं नव्हतं. ते धूड आमचंच आहे. त्याला इथे पिकअप ट्रक म्हणतात आणि तो घेऊन आता चौदा महिने झाले. कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर आप्पांनी किंमत विचारली असती. आताही विचारू नका. तेवढ्यात आपल्याकडे तीन ट्रॅक्टर ट्रॉल्यांसकट दारात उभे राहिले असते, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

दुसरा प्रश्न "देते किती?" हा असणार, म्हणून तोही आधीच उरकते. रिकामी असताना लिटरला आठ किलोमीटर. मागे कॅम्पर जोडला की पावणेचार. आप्पा, खाली बसून वाचा.

कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. सव्वीस फूट लांब, आत चार खाटा, शेगडी, बेसिन, संडास. ट्रक घेण्याआधीच्या एका सुट्टीत कुठेच हॉटेल मिळेना, तेव्हा जावयांच्या मनानं घेतलं की आपलं बिऱ्हाड आपल्याच पाठीवर हवं. मी म्हटलं, ऊसतोडीच्या टोळ्या दरसाल तेच करतात, त्यांना कुणी हौशी म्हणत नाही. पण इंजिनिअर माणसाच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. तीन महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माहितीपत्रकं वाचून त्यांनी हा ट्रक ठरवला. पोरांनी पांढऱ्या रंगावरून त्याचं नाव ढवळ्या ठेवलं आणि कॅम्परचं छकडा. ढवळ्याची कंपनी कुठली ते लिहीत नाही. इथे फोर्डवाले, शेव्हरलेवाले आणि रॅमवाले अशी घराणी असतात आणि सोयरीक जुळवताना ती बघत असावेत असा मला संशय आहे. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून दरवर्षी देशात सगळ्यात जास्त खपणारे पिकअप ट्रक म्हणून मिरवते. तरी शेजारचे आजोबा त्या ट्रककडे आप्पा संकरित गाईकडे बघायचे तसे बघतात.

ढवळ्या घरी आला त्या दिवशी पहिला शोध लागला तो असा, की तो साडेएकोणीस फूट लांब आहे आणि आमचं गॅरेज आतून वीस फूट. म्हणजे नाक भिंतीला लागायच्या आत आणि शेपूट दाराच्या आत, असा अर्ध्या फुटाचा खेळ. इथले लोक छताला टेनिसचा चेंडू टांगतात. तो काचेला टेकला की थांबायचं. आमच्याकडे चेंडू नव्हता, म्हणून मी लिंबू-मिरची टांगली. आता दृष्टही लागत नाही आणि भिंतही.

आता खरी गोष्ट. विकणारा म्हणाला होता, "हा अकरा हजार पौंड ओढतो." अकरा हजार पौंड म्हणजे जवळजवळ पाच टन. आमचा छकडा सामानासकट सहा हजार शंभर पौंडांचा, म्हणजे पावणेतीन टनांच्या जरा वर. जावई खूश. मीही खूश. पण चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक छोटा पिवळा-पांढरा कागद चिकटवलेला असतो, तो कुणी वाचला नव्हता. त्यावर लिहिलेलं होतं की माणसं आणि सामान मिळून १,५१० पौंडांपेक्षा जास्त वजन या गाडीत कधीही नसावं. ६८५ किलो. हा आकडा ओढण्याचा नाही, पाठीवर वाहण्याचा. बैल गाडी ओढेल दोन टनांची, पण म्हणून त्याच्या पाठीवर दोन टन ठेवाल का, असा तो हिशेब.

आणि यातली मेख अशी, की मागच्या गाडीचा थोडा भार ढवळ्याच्या पाठीवर येतोच. येतो म्हणजे, यायलाच हवा. छकड्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन त्याच्या पुढच्या दांडीवरून ट्रकच्या हुकावर टेकलं पाहिजे, असा इथला नियम. आमच्यात ते ३६० किलो भरतं. तो भार ट्रकच्या पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणारं एक लोखंडी जोखड असतं, ते चाळीस किलो. उरले २८५. त्यात आम्ही चौघं. जावयांनी वही घेतली आणि सगळ्यांची वजनं लिहायला बसले. मी खरं सांगितलं, बासष्ट. थोरला अठ्ठावन्न, धाकटी एकतीस. स्वतःचं त्यांनी एकोणऐंशी लिहिलं. बेरीज दोनशे तीस. म्हणजे खाणंपिणं, खुर्च्या, बर्फाची पेटी या सगळ्याला मिळून पंचावन्न किलो. पाच टन ओढणाऱ्या गाडीत पोहे किती न्यायचे याचा हिशेब करावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण हे सगळं कळलं ते नंतर. पहिल्या फेरीला आम्ही काहीच न मोजता निघालो होतो. चार सायकली छकड्याच्या मागच्या टोकाला बांधल्या, पाण्याचे कॅन मागच्या खाटेखाली, माझी भांडी मागच्या कपाटात. पुढे जागा मोकळी, कारण जावयांना वाटलं की पुढे हलकं असलं की ट्रकला त्रास कमी. हायवेवर ताशी साठ मैलांना आलो आणि बाजूनं एक अठराचाकी गेली. तिच्या वाऱ्याचा झोत बसला मात्र, छकडा डोलायला लागला. आधी सावकाश, डावीकडे, उजवीकडे. मग ढवळ्याची मागची बाजूच कुणीतरी धरून हलवल्यासारखी. जावयांचा पाय ब्रेककडे निघालेला मी पाहिला आणि ओरडले, "ब्रेक नको! पाय काढा फक्त!" मला ते कुठून सुचलं ठाऊक नाही. पॅनेलवर छकड्याचे ब्रेक वेगळे दाबायची एक चिमटी असते, ती मी बाजूनं हात घालून दाबली. मागची गाडी मागच्या मागे ओढली गेली, डोलणं थांबलं. आम्ही कडेला उभे राहिलो. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग धाकटी म्हणाली, "मम्मा, वन मोअर टाइम?"

आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, आप्पा, मला तुमचा आवाज ऐकू आला. कारखान्याला ऊस न्यायचा म्हणून गाडी भरताना तुम्ही खालून ओरडायचात, "आरं, मोळ्या म्होरं घ्या, गाडी उलाळ हुतीया!" आणि जास्त पुढे गेल्या की, "आता धुरजड झाली, बैलाचं मानगूट मोडशील का?" मागे भार गेला की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो, पुढे गेला की मान खाली. म्हणजे जे दहा-पंधरा टक्के इथल्या इंजिनिअरांनी गणितानं काढलं, ते तुम्ही जू एका हातानं उचलून बघून सांगायचात. जावयांना मी 'उलाळ' शब्द समजावून सांगितला. ते पुण्याचे. म्हणाले, "मराठीत याला शब्द आहे?" मी म्हटलं, दोन आहेत. शिवाय शिव्याही.

सायकली ढवळ्याच्या पाठीवर आल्या, भांडी पुढच्या कपाटात आली, आणि त्यानंतर छकडा कधी डोलला नाही.

जोडणीचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण बैल जुंपण्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागतो. ट्रकच्या मागे लोखंडी गोळा असतो, मोठ्या लिंबाएवढा. छकड्याची दांडी त्याच्या बरोबर वर आणून खाली सोडायची. यासाठी ट्रक मागे घेताना दोन बोटांची चूक चालत नाही. गोळ्याला वंगण लावतात. तुमचे जावई पांढरी पँट घालून ते बघायला वाकले आणि उठले तेव्हा पँटवर चंद्रकोर उमटलेली होती, ती अजून गेलेली नाही. मग खिट्टी, खिट्टीत पिन, दिव्यांची सात काट्यांची केबल, आणि दोन साखळ्या. साखळ्या दांडीखालून कैचीसारख्या एकमेकींवरून न्यायच्या. चुकून गोळा सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या कैचीच्या झोळीत पडते. मला ही युक्ती फार आवडली. आपल्या रामूमामाच्या ट्रॉलीला साखळी म्हणून काथ्याचा दोर होता.

एवढं सगळं ओढायला इथे वेगळं लायसन लागत नाही बरं का. मला हे अजून पटलेलं नाही.

आता ट्रॉली मागे घ्यायचं प्रकरण. हे मी आईसाठी सविस्तर लिहिते, कारण तिला जावयांचं फार कौतुक. मागे काही जोडलेलं असलं की स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तर मागचं डावीकडे जातं. जावयांना हे ठाऊक होतं. कागदावर काढूनही दाखवलं. पण कॅम्पग्राउंडवर आमच्या जागेसमोर उभे राहिलो तेव्हा आजूबाजूची सात-आठ बिऱ्हाडं खुर्च्या फिरवून बसली. हा इथला संध्याकाळचा तमाशा असतो, तिकीट लागत नाही. जावई गाडीत, मी मागे. मी हात करते डावीकडे, ते आरशात बघून उजवीकडे. छकडा आडवा झाला. पुढे. पुन्हा मागे. पुन्हा आडवा. मग अदलाबदल झाली, ते खाली उतरले आणि आरशात कुठल्याच बाजूनं दिसणार नाही अशा अचूक जागी उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" म्हणत राहिले. एसटीच्या कंडक्टरकडे निदान घंटी तरी असते. त्या "येऊ द्या"मध्ये लाकडी बाकाचा कोपरा छकड्याच्या मागच्या दिव्यात आला.

तेव्हा मला आठवलं की लहानपणी कारखान्याच्या आवारात मी तासन्‌तास हेच बघत बसलेली आहे. तुमचा डबा घेऊन यायचे आणि रांग सरकेपर्यंत ट्रॉलीवाल्यांना बघायचे. तंबाखू मळत, एका हातानं, दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत ट्रॉली नेऊन लावणारे ते लोक. हात कुठे असायचा त्यांचा? स्टिअरिंगच्या खाली. वर नाही, खाली. खालून धरलं की ज्या बाजूला हात न्यावा त्या बाजूला मागची गाडी जाते, उलटसुलट डोकं चालवावंच लागत नाही. मी हात खाली घेतला, चार-चार बोटंच हलवली, आणि छकडा जागेवर. शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. तेव्हापासून मागे घ्यायचं काम माझं. जावई लोकांना सांगतात, "आमच्यात रिव्हर्सचं खातं हिच्याकडे आहे," जणू त्यांनीच मला नेमलं.

मागच्या महिन्यात डोंगरात गेलो होतो, ते सांगायचं राहिलं. आमचं डेन्व्हर १,६०९ मीटर उंचीवर आहे. कळसूबाई १,६४६. म्हणजे आम्ही भाजी आणायला जातो तेच जवळजवळ कळसूबाईवर. इथून पश्चिमेला जाणारा मोठा रस्ता चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यात जातो. या बोगद्याची पहिली नळी १९७३ साली उघडली, दुसरी १९७९ साली. उंची ११,१५८ फूट. दोन कळसूबाया एकावर एक ठेवा आणि वर शंभर मीटर घाला. तिथे हवा इतकी विरळ की साध्या इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद वाऱ्यावरच जाते. टर्बो असला तर तो हवा कोंबून भरून काढतो. ढवळ्याला टर्बो आहे. तरी बोगद्याच्या आधीच्या चढाला तो असा घुमायला लागला की धाकटीनं त्याच्या डॅशबोर्डवरून हात फिरवला.

निघण्याआधी या वेळी आम्ही काट्यावर गेलो. होय आप्पा, काटा! मोठ्या ट्रकांसाठी पेट्रोल पंपांजवळ असतो. पुढची चाकं एका पाट्यावर, मागची दुसऱ्यावर, छकडा तिसऱ्यावर. खांबावरचं बटण दाबलं की बाई बोलते, मग आत जाऊन चिठ्ठी घ्यायची. आणि हा काटा मारत नाही. चिठ्ठी घेऊन मी मुद्दाम तिथल्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. कारखान्याच्या काट्यावर तुम्ही बघायचात तसं. काही दिसलं नाही.

ढवळ्याची मर्यादा ७,०५० पौंड. चिठ्ठीवर ७,१९०. एकशे चाळीस पौंड जास्त, साडेत्रेसष्ट किलो! जावई माझ्याकडे बघायला लागले. बोलले काही नाहीत, पण बघितलं. मी म्हटलं, उतरवा सगळं. पेट्रोल पंपाच्या कडेला सगळं बिऱ्हाड रस्त्यावर मांडलं. तीस किलो पाणी निघालं; जिथे नळ आहे तिथे जाताना जावयांनी 'असू द्यावं' म्हणून कॅन भरलेले. धाकटीच्या सीटखाली मागच्या फेरीतले दगड, तेरा किलो. तिला त्यांची नावं पाठ होती, एकही टाकू देईना. मग आई, तुझा दगडी खलबत्ता. अकरा किलो. विमानात सोबत आणला तेव्हा कस्टमवाल्यांनी तो दोनदा उलटा करून बघितला होता. तो मात्र मी परत ठेवला. लसणाची चटणी मिक्सरमधली खायची तर घरीच बसलेलं बरं.

चोपन्न झाले. साडेनऊ किलो सापडेनात. पंपावर, दुकानाच्या दाराशी, नाणं टाकून माणसांचं वजन करायचं एक जुनं यंत्र होतं. थोरला म्हणाला, "लेट्स ऑल डू इट." मी बासष्ट. पोरं लिहिल्याप्रमाणे. जावई अठ्ठ्याऐंशी. त्यांनी वहीत लिहिलेलं एकोणऐंशी हे आमच्या लग्नातलं वजन होतं. "बूट," ते म्हणाले. नऊ किलोंचे. राहिलेला अर्धा किलो मी आईच्या लोणच्याच्या बरणीवर टाकला आणि विषय संपवला.

पाणी ओतलं, दगडांपैकी सातच ठेवायचे असा तह झाला, आणि वर गेलो. बोगद्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सरळ घसरगुंडी आहे. जावई पाय ब्रेकवरच ठेवून. जळका वास आला. मी म्हटलं, कुंभार्ली घाटात एसटीचे ड्रायव्हर काय सांगायचे? ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ढवळ्याला ओझं ओढायचं एक बटण आहे. ते दाबलं की तो स्वतःच गिअर खाली घेऊन इंजिनावर गाडी धरतो. ते दाबलं आणि पाय निवांत झाला. वाटेत उजवीकडे वर चढत गेलेला, भुसभुशीत खडी टाकलेला एक फाटा दिसला. जावई म्हणाले, "छान जागा आहे, चहा करायचा का?" ती ब्रेक निकामी झालेले ट्रक घुसवून थांबवायची जागा होती. चहा खाली जाऊन केला, डिलनच्या तलावाकाठी, नऊ हजार फुटांवर. तिथे पाणी एक्क्याण्णव अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ उघड्यावर शिजवायला ठेवली तर पोरांची कॉलेजं संपतील. कुकर होता. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतला माणूस धावत बाहेर आला.

परत येताना शेवटालाही मोठा उतार आहे. डोंगर संपला असं वाटायला लागतं, खाली शहर दिसतं, आणि तिथे पाटी येते: ट्रकवाल्यांनो, तुम्ही अजून खाली पोहोचलेला नाहीत, आणखी दीड मैल उतार आणि वळणं आहेत. जावयांना ती इतकी आवडली की आता घरात कशालाही वापरतात. काल मी पोळ्यांच्या शेवटच्या गोळ्यापाशी आले तर मागून म्हणाले, "अजून खाली पोहोचलेली नाहीस."

बाकी ढवळ्यामुळे आमची समाजात किंमत वाढली आहे. आधी मराठी मंडळात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. आता दर शनिवारी कुणाचा तरी सोफा, कुणाचा फ्रीज, आणि गणपतीला मखर, ढोल, सतरंज्या, स्पीकर. गावात ट्रॅक्टर असलेल्याला जी नाती सापडतात तीच इथेही सापडतात. छकडा मात्र दारात ठेवू देत नाहीत. आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्र आलं की कॅम्पर घरासमोर दोन दिवसांच्या वर दिसता कामा नये. म्हणून तो दूर एका आवारात भाडं भरून उभा असतो. जावई अधूनमधून त्याला भेटून येतात.

काल बेंदूर. ढवळ्याला नळीनं धुतला. थोरल्यानं पुढच्या दोन हुकांना हिंगुळासारखा लाल रंग लावला, आपल्या सर्जाच्या शिंगांना लावायचात तसा. मी हळदकुंकू लावलं, मागच्या गोळ्यालाही, वंगण पुसून. पुरणपोळी दाखवली. शेजारचे आजोबा बघत होते, त्यांना वाटलं गाडी विकायला काढली.

आता मुद्द्याचं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं येणार, तेव्हा छकड्यातून जायचं नक्की केलं आहे. म्हणून दोघांची वजनं आजच कळवा, खरी, चपलांसकट. आप्पांनी कारखान्याच्या काट्यावर करू नये. आणि आई, पाटा-वरवंटा आणायचा म्हणत होतीस, तर त्याचंही वजन वेगळं कळव. तेवढ्यासाठी जावयांना घरी ठेवावं लागेल की काय ते बघते.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
थोरली